आठ लिटरांच्या वर

माझ्या शेडमध्ये यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात. नोएडाच्या ज्या सेक्टरात आजूबाजूच्या सगळ्या वर्कशॉपच्या भिंती गुटख्याने रंगल्या आहेत, तिथे हा नियम ऐकून लोक हसतात. हसू देत. मला घाणीची शिसारी येते, लहानपणापासून. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलेला पाहुणा माझ्या भांड्याने पाणी प्यायला, तर ते भांडं मी पुन्हा तोंडाला लावत नसे. इंजिनिअर होऊन गाड्या बांधायला लागलो तेव्हा बाबांनी माझं नाव 'सोवळ्यातला मिस्त्री' ठेवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

पण शर्यतीच्या इंजिनात सोवळंच कामाला येतं. साध्या गाडीत तेल इंजिनखालच्या तसराळ्यात साठतं. जोरात वळण घेतलं की ते एका कडेला सरतं, पंप हवा ओढतो, आणि इंजिनात हवा कोंबणारा टर्बो दोन सेकंदांत कोरडा पडून जळतो. म्हणून तेलाची टाकी इंजिनबाहेर, सीटच्या मागे बसवायची. तिथून पंप, फिल्टर, पुढचा कूलर, टर्बो आणि पुन्हा टाकी, अशी तेलाची फेरी स्टीलची जाळी असलेल्या पाइपांनी जोडायची. टर्बोत तेल जायचं भोक जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यात काही अडकलं की खेळ खलास.

गेल्या वर्षी अडकलं होतं. गाडी माझ्या धाकट्या भावाची, दिनकरची, आणि काम माझं. टर्बो फुटला, तेल पेटलं, आणि दिनकरचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. यंदा त्याचं इंजिन पुन्हा बांधायला घेतलं तेव्हा मी एवढंच ठरवलं, की माझ्या तेलाने हा पोरगा परत भाजता कामा नये. त्याच्याकडून एक नियमही घोटून घेतला. शर्यतीला उतरण्याआधी तेल बदलायचं. गरम असतानाच काढायचं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचं.

मेच्या पहिल्या आठवड्यात पाइप कापायला बसलो. जाळी कापली की तारांची टोकं पिंजारतात आणि फिटिंग चढवताना बोटात घुसतात. या कामात रक्त न आलेला माणूस मी पाहिलेला नाही. टर्बोच्या पाइपची तार माझ्या तर्जनीत, नखाखाली गेली. दोन-तीन थेंब पाइपच्या तोंडात पडले. खरं तर पाइप धुवायला हवा होता. दुसऱ्या कोणाचं रक्त असतं तर मी तो चिमट्याने उचलून फेकला असता. पण फिटिंग नीट बसलं होतं आणि रक्त माझंच होतं. तसाच जोडला.

आठ लिटर तेल मोजून भरलं. दिनकरने वीस मिनिटं इंजिन चालवलं. नव्या इंजिनाचं पहिलं तेल लगेच काढतात, तसं काढलं. आठ लिटर भरले होते, निघाले आठ आणि वर कपभर.

इंजिनात तेल वाढत नसतं. वाढलं तर त्यात पेट्रोल तरी उतरतंय किंवा रेडिएटरचं पाणी तरी. दोन्ही तपासलं. दोन्ही ठीक होतं. उठायला गेलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात पत्र्याखाली दुसरं काय होणार? दिनकरने लिंबूपाणी आणून दिलं.

दुसऱ्या वेळी आठ लिटर भरले आणि नऊ निघाले. या खेपेला मी गाडीला टेकून बराच वेळ खाली बसून राहिलो. थोडं तेल काचेच्या बरणीत ठेवलं. दुपारपर्यंत तेल वर राहिलं आणि तळाशी विटकरी थर बसला. त्या थरावर साय धरली होती. काडी घातली तर साय तुटेना. काडीबरोबर ताणली गेली, आणि काडी सोडल्यावर हळूहळू आपल्या जागी परत गेली. मला भडभडून उलटी झाली, तीही माझ्या स्वतःच्या स्वच्छ फरशीवर.

मग फिल्टर कापला. आतल्या कागदाच्या घड्या उलगडून धातूचा चुरा शोधायचा असतो. चुरा नव्हताच. घड्यांमध्ये शेंबडासारखे मऊ गोळे होते. हातमोज्यातूनही ते कोमट लागले. इंजिन बंद होऊन चार तास झाले होते.

टर्बोचा तो पाइप काढून टाकायचं ठरवलं. फिटिंग सुटेना, म्हणून करवत लावली. पहिला ओरखडा पडला आणि माझा डावा हात खांद्यापासून बधिर झाला. करवत खाली पडली. दुसऱ्यांदा लावायचं धैर्य मला झालं नाही, आणि दिनकरला काय सांगायचं तेही सुचलं नाही.

बरणी तीन पिशव्यांत बांधून दिल्लीत, द्वारकाला घरी नेली. माझी बायको वृंदा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, असल्या वासांची तिला सवय आहे. तिने झाकण उघडून हुंगलं. तोंड वाकडं केलं नाही. मला तेच आवडलं नाही.

"काय आहे हे?"

"गाडीचं तेल. वास कसला येतो ते सांग."

तिने पुन्हा नाक जवळ नेलं. "यार, हा तर तुझाच वास आहे. ताप आला की तुझ्या उशीच्या अभ्र्याला येतो ना, तो."

मी बरणी हिसकावून घेतली आणि साबणाने तीनदा हात धुतले. माझ्या हातांनाही तोच वास होता. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. वृंदा दारात उभी राहून बघत होती.

"पांढराफटक पडलायस. उद्या लॅबमध्ये चल, ब्लड दे."

हिमोग्लोबिन साडेसहा आलं. रिपोर्ट हातात धरून वृंदाने एकच प्रश्न तीनदा विचारला. "कुठून जातंय तुझं रक्त?"

शनिवारी दुपारी शेडमध्ये एकटा गेलो. इंजिन दोन दिवस बंद होतं. तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर हवा. तो शून्याच्या थोडा वर होता आणि हलत होता. थांबत, हलत, थांबत. माझी बोटं आपोआप मनगटाकडे गेली, पण मी मोजलं नाही.

दाराकडे पळालो. धापा टाकत वळून पाहिलं.

काटा आता भरभर हलत होता.

रविवारी शर्यत होती. सकाळी मला उठवेना. दिनकर एकटाच गाडी घेऊन एक्स्प्रेसवेपलीकडच्या ट्रॅकवर गेला. साडेनऊला त्याचा फोन आला.

"दादा, दोन राउंड मारले. पिकअप एक नंबर! फक्त प्रेशर जरा खालीवर होतंय."

"आज उतरू नकोस."

"प्लीज, दादा. वर्षभर थांबलोय. तू मागचं धरून बसलायस. मी उतरणार." मग जरा थांबून म्हणाला, "तेल बदलू? की राहू दे? तसा टाइम कमी आहे."

मी डोळे मिटले. ते कोमट गोळे दिसले. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक दिसलं. त्याचा हात दिसला, सुरकुतलेला, कोपरापर्यंत.

राहू दे म्हटलं असतं, तर त्याने ऐकलं असतं.

"बदल," मी म्हणालो. "गरम आहे तोवर काढ."

"बिल्कुल. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबतो. तुझा नियम."

त्याने फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवला. पाना फिरल्याचा आवाज आला. बोल्ट ट्रेमध्ये पडला. मग धार लागली.

"अरे दादा, किती आहे हे! ट्रे भरला. थांब, दुसरा लावतो."

खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. मी तर्जनी उजेडात धरली. नखाखालचा गुलाबी रंग टोकाकडून मुळाकडे सावकाश उतरत होता. तिकडे धार अजून पडत होती.