मानेमागची बोटभर फट

तो मोबाईल आधी पालथा घाल. आणि धाकटे, तुला भीती वाटत असेल तर आत्ताच आईजवळ जाऊन झोप, मध्येच उठून दिवे लावायचे नाहीत. दिव्यांचं काम मी जन्मभर केलंय, मला त्यांचं कौतुक उरलेलं नाही.

तुमचा मामा संग्रहालयात वायरमन होता, हे ठाऊक आहे ना? तिथे एक शिंपी होता. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. जुने कपडे प्रदर्शनात मांडायचे तर खिळ्याला टांगून चालत नाही. आत कापूस भरलेला धडाचा साचा लागतो, तोही नेमक्या मापाचा, नाहीतर खांद्यावर ताण येऊन कापड फाटतं. ते काम मास्तरचं. हात असा साफ, की टाका शोधून दाखवा. पण कुठे दोरा लोंबताना दिसला की गडी अस्वस्थ. तो नीट केल्याशिवाय त्याला घास गोड लागायचा नाही.

त्या वर्षी डोंगरापलीकडच्या जंगलातल्या लोकांच्या कपड्यांचं कायमचं प्रदर्शन ठरलं. झाडाच्या सालीच्या धाग्यांचं विणकाम, त्यावर शिंपल्या, बिया, पिसं. त्यात लहान मुलीचा एक झगा होता, बघत राहावं असा. त्याचा साचा काही केल्या जमेना. बुधवारी मास्तरने काय करावं? आपल्या आठ वर्षांच्या चिमीला शाळेतून थेट तिथे आणलं, दार लावलं, आणि झगा तिच्याच अंगात घातला! जिवंत माणसाच्या अंगावर संग्रहातला कपडा घालायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी शिडीवर होतो. म्हटलं, "मास्तर, साहेबांनी पाहिलं तर घरी बसवतील."

"पाच मिनिटं रे. खांद्याचं माप घेतो की काढलाच."

चिमी गिरक्या घेत होती. ती पाठमोरी झाली आणि मास्तरला दिसलं, मानेमागची शिवण बोटभर उघडी आहे. "बघ, अर्धवट सोडलंय शिवणाऱ्या बाईने," म्हणाला, आणि पोरगी आत उभी असतानाच पाच टाके घालून मोकळा झाला. निव्वळ सवयीने. काढताना गळ्यात डोकं अडकलं, तशी चिमी खिदळली.

गुरुवारी दुपारी चारला झगा काचेच्या पेटीत गेला. कुलूप लागलं. पाच वाजता त्या लोकांतली एक म्हातारी आली, दुसऱ्या दिवशीच्या उद्घाटनाची पाहुणी. झग्यापाशी थांबली. वळसा घालून मागे गेली. काचेवरून मानेमागच्या शिवणीवर बोट रोखलं.

"हे कुणी शिवलं?"

मास्तर कौतुकाच्या आशेने पुढे झाला. "मी, आजी."

"लेकरू तिथून श्वास घेतं. लेकरू गेलं, की मगच आम्ही ती फट शिवतो." मग हळूच म्हणाली, "शिवलंस तेव्हा आत कुणी नव्हतं ना?"

मास्तर हसला. आणि हसता हसता माझ्याकडे पाहिलं. बाप रे, तो चेहरा…

सात वाजता त्याच्या घरून फोन आला. चिमीला दम लागलाय. हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे, कशाने होतंय कळत नाही. ऑक्सिजनची नळी लावली तरी पोरगी तोंड उघडं टाकून हवा शोधत होती. मास्तर धावत साहेबांच्या घरी गेला, हातापाया पडला. साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मास्तर, किल्ली मुख्य कचेरीच्या तिजोरीत गेलीय. सकाळी दहाला येईल. माझ्या हातात काही नाही हो."

रात्री पावणेतीनला मास्तर माझ्या दारात. हातात हातोडा. दिव्यांसाठी दालनाची किल्ली माझ्याकडे असायची. नोकरी गेली असती माझी. पण नाही कसं म्हणणार? पहारेकऱ्याने आमची तोंडं पाहिली आणि बाजूला झाला.

मी एकच दिवा लावला, पेटीवरचा. मास्तरने घाव घातला. एक. दोन. दहा. चोरांसाठी केलेली काच ती… ओरखडासुद्धा नाही. मग मी मारले. हात सोलले. काही नाही.

तो काचेला तोंड लावून ओरडायला लागला. "चिमे, थांब. थांब बाळा. बाबा उसवतोय…"

तीन वाजून दहा मिनिटं.

त्याचा फोन वाजला. बायको.

त्याने कानाला लावला. पलीकडून नुसतं रडणं आलं. त्याने फोन हळूच खिशात ठेवला.

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी पेटीकडे बघत होतो, म्हणून मलाच आधी दिसलं. झग्याच्या गळ्याच्या वर, जिथे साच्याला डोकं नसतं, तिथे काचेवर वाफ धरली होती. पोराच्या तळव्याएवढी.

मी हाताने पुसली.

पुसेना.

आतून होती.

विरली… पुन्हा धरली.

सकाळी किल्ली आली. साहेबांनी स्वतः कुलूप काढलं, ब्लेड मास्तरच्या हातात दिलं. पोरगी अजून हॉस्पिटलातून घरी आणलेली नव्हती, आणि हा माणूस तिथे उभा. पहिल्या टाक्याला पातं लावलं. थांबला. मला म्हणाला, "उसवलं तर बाहेर येईल रे. पण येऊन जाईल कुठे? तिचं अंग तर…" ब्लेड माझ्याकडे दिलं आणि पेटी लावून घेतली.

नंतर त्याने रात्रीचा पहारा मागून घेतला. बारा वर्षं पेटीसमोर स्टूल टाकून बसायचा. आई बरी आहे, तुझी मैत्रीण नोकरीला लागली, सगळं तिला सांगायचा. वाफ सावकाश यायची, सावकाश विरायची. झोपलेल्या पोराची असते ना, तशी.

गेल्या वर्षी मास्तर गेला.

काय गं धाकटे? ब्लेड? आहे, माझ्याच कपाटात आहे. नाही होत माझ्याच्याने. तुझ्याच्याने होईल?

परवा एका दाखल्यासाठी तिकडे गेलो होतो. नवी सफाईवाली वैतागली होती. "काका, ही एक काच दिवसातून चारदा पुसते, डाग काही जात नाही." मी वाकून पाहिलं. तीच जागा. तेवढीच वाफ. फक्त आता भराभर येत होती, भराभर विरत होती… हाका मारमारून धाप लागलेल्या पोरासारखी.