पीसकुंडाचा उपास

गटारीच्या दुसऱ्या दिवशी वाघझरीच्या पीसकुंडात चार टन पिसं पडली आणि बावीस तासांत त्यांचं चहाच्या रंगाचं पाणी झालं. कुंड सांभाळणाऱ्या शालन ठोंबरेनं ते खत म्हणून भाजीवाल्यांना वाटून टाकलं. त्यानंतर आठ दिवस कुंडाकडे एक पीस फिरकलं नाही.

पिसांमधलं केरॅटिन म्हणजे भलतं चिवट प्रथिन. कुंडातल्या जिवाणूंकडे ते कातरणारं विकर होतं, आणि दुसरं काही त्यांना पचत नसे. पूर्वी कोंबड्यांच्या कारखान्यांची पिसं ओढ्यात कुजायची आणि गाव टँकरचं पाणी प्यायचं. आता सहा महिने ओढ्याकाठची विहीर चालू होती. जिवाणू बाहेर निसटून टिकू नयेत, म्हणून ते घडवणाऱ्या प्रयोगशाळेनं त्यांची उपाशीपोटी झोपून राहण्याची सोयच काढून घेतली होती. अहवालात पुराचा विचार होता, भूकंपाचा होता. श्रावणाचा नव्हता.

शालननं फोन केला. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी आधी श्रावण किती दिवस चालतो ते विचारलं. मग म्हणाले, केरॅटिन केसांतही असतं, बघा जमलं तर. नवं विरजण लावायला चार महिने लागतील.

ती सुदामच्या सलूनमध्ये गेली. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता.

"वहिनी, श्रावणात कोण केस कापतं? मीच दाढी केली नाही," तो म्हणाला.

निम्मे जिवाणू मेल्याचं सासूबाईंना जेवताना कळलं. अनसूयाबाई उठल्या आणि कोनाड्यातून पिशवी घेऊन आल्या. आत दोन वर्षांची गुंतवळ होती, केसांवर भांडी देणारीसाठी राखलेली.

मंगळागौरीला जमलेल्या बायकांपुढे त्यांनी विषय काढला. कुरकुर झाली, एकीचं तर पातेलं ठरलेलं होतं.

"पातेल्यात पाणी कुठलं भरशील?" अनसूयाबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून पिशव्या येऊ लागल्या. काळ्या, करड्या, मेंदीच्या. पहिली पिशवी पचायला जिवाणूंना चार दिवस लागले. श्रावण सरता सरता एक दुपार पुरू लागली. गणपती गेल्यावर पुन्हा चार टन पिसांचा ट्रक आला, तोही कुंडानं अकरा तासांत संपवला.

हे जिवाणूंना कुणी शिकवलं नव्हतं, असं म्हणत साहेब नमुन्यासाठी रिकामी बाटली घेऊन स्वतः आले. अशी जात जगात कुठेच नाही, म्हणाले. अनसूयाबाईंनी त्यांना विहिरीचं पाणी दिलं आणि ते पिऊन होईपर्यंत थांबल्या.

"न्या की. पण आमच्या केसांवर वाढलेत हे. मग आता तुमचे म्हणायचे, का आमचे?"