भुंग्याचं टोपडं

भुंग्याला थंडी वाजते का? हा प्रश्न मला पडला तेव्हा निफाडमध्ये पारा चार अंशांवर उतरला होता. उत्तर मी कोणालाही न विचारता स्वतःच ठरवून टाकलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

भुंगा म्हणजे आमच्या पळसमळा सोसायटीचा यंत्रमानव. उंचीला माझ्या कमरेएवढा, पायांच्या जागी चार चाकं, आणि चालताना सारखी गुणगुण. रोज सकाळी सात वाजता तो घरोघरी फेरी मारतो आणि तिथली हवा हुंगतो. हवा चांगली असली की छातीवरचा दिवा हिरवा, नाहीतर लाल. तो बनवला घारे आजोबांनी. ते तळमजल्यावर राहतात. पूर्वी प्रयोगशाळेत उष्णतेवर संशोधन करायचे, आता आमच्या थंडीवर करतात.

मी लहान होते तेव्हा थंडीत प्रत्येक इमारतीपुढे शेकोटी पेटायची. पाला, खोकी, कधी कधी जुना टायरसुद्धा. त्या धुराने सकाळी दहापर्यंत समोरची इमारत दिसायची नाही, आणि अर्धी सोसायटी खोकत असायची. मग आजोबांनी मागच्या अंगणात ऊब-कोठी बांधून घेतली. जाड भिंतींची एक खोली, आत ट्रकभर वाळू. गच्चीवरच्या सोलर पॅनेलची जास्तीची वीज दिवसभर ती वाळू तापवते. वाळू ती उष्णता घट्ट धरून ठेवते, आणि पहाटे वाळूतून गेलेल्या नळ्यांमधून गरम पाणी घराघरांत फिरतं. घरं उबदार राहतात आणि धूर अजिबात होत नाही.

हे सगळ्यांना पटलं. पटलं नाही ते फक्त माईला.

माई म्हणजे माझी आजी, आईची आई. सुमेधामावशी बाळंतपणासाठी आमच्याकडे आली, म्हणून माईही चांदवडजवळच्या गावाहून तिच्या पाठोपाठ आली. येताना डिंकाचे लाडू, हळीव, ओवा आणि गाठोड्यात लपवलेली एक लोखंडी शेगडी.

"नळातलं ऊन पाणी बाळंतिणीला काय पुरतंय?" ती मला म्हणाली. "हाडांत थंडी शिरली ना, जन्मभर निघत नाही. तू फक्त कोणाला सांगू नकोस."

सोसायटीत कोळसा पेटवायला बंदी होती. पण माई लाडू देत होती आणि मी माईची लाडकी. मी तोंड बंद ठेवलं.

आता टोपड्याविषयी. माईने बाळासाठी पिवळ्या लोकरीचं टोपडं विणलं होतं, पण अंदाज चुकला आणि ते एवढं मोठं झालं की बाळ त्यात अख्खं मावलं असतं. ते मी भुंग्यासाठी मागून घेतलं. बारा दिवसांच्या बाळाला आम्ही तीन दुपट्यांत गुंडाळत होतो आणि बिचारा भुंगा उघडा फिरत होता! त्याच्या डोक्यावर एक बारीक जाळी होती. तिच्यातून वारं आत शिरत असणार, असं मला वाटलं. म्हणून आधी जाळीवर रुंद चिकटपट्टी नीट दाबून लावली आणि वर टोपडं चढवलं. तो इतका गोड दिसत होता की मी त्याची पापीच घेतली.

दुसऱ्या दिवशी आई सकाळच्या पाळीला गेली. मावशीची आणि बाळाची न्हाणी झाली. माईने मागच्या बाल्कनीत कोळसे फुलवले. त्यांचा धूर पूर्ण निघून ते लालबुंद झाले, तेव्हा शेगडी आत आणून मावशीच्या बाजेखाली सरकवली. खिडक्या घट्ट लावल्या. दाराखालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं.

"आता वारं लागायचं नाही माझ्या लेकीला," ती म्हणाली आणि खीर करायला स्वयंपाकघरात गेली.

मला जरा धाकधूक होती. इतक्यात गुणगुणत भुंगा आला. मी त्याला मावशीच्या खोलीत नेलं. छातीवरचा दिवा हिरवा. "हवा उत्तम," भुंगा म्हणाला. मला हायसं वाटलं आणि मी त्याला बाहेर सोडून पुस्तक घेऊन बसले.

थोड्या वेळाने मी खिरीची वाटी घेऊन आत गेले. खोली छान उबदार होती. धूर नाही, कसला वास नाही.

"केतकी," मावशी म्हणाली, "डोकं फार जड झालंय गं. मळमळतंय." शब्द तिच्या तोंडातून ओढल्यासारखे येत होते. बाळ तिच्या कुशीत निपचित झोपलं होतं. खरं तर ही त्याची दूध मागायची वेळ. रोज या वेळी ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं रडायचं.

हवा उत्तम असताना असं का? भुंगा कधी चुकत नाही. तो हवा हुंगतो, म्हणजे त्याला नाक असणार. पण नाक कुठे असतं त्याचं?

डोक्यावरची ती जाळी! मी धावत जाऊन लिफ्टजवळ भुंग्याला गाठलं, टोपडं ओढून काढलं, चिकटपट्टी टरकावली आणि त्याला ढकलत खोलीच्या दारात आणलं. दिवा लगेच लाल झाला. भुंगा इतक्या मोठ्याने ओरडला की मी दचकलेच.

"विषारी वायू! खिडक्या उघडा! सगळे बाहेर चला! मी मदत बोलावली आहे!"

मी खिडक्या उघडल्या. आवाज ऐकून धावत आलेल्या माईने बाळाला उचललं आणि आम्ही दोघींनी मावशीला धरून अंगणातल्या उन्हात आणलं. बाळ अजून गप्पच होतं. माई त्याचे तळपाय चोळत होती आणि नुसतं "बाळा, बाळा" म्हणत होती. इतकी घाबरलेली माई मी कधीच पाहिली नव्हती. मग बाळाने तोंड वाकडं केलं आणि असं भोकाड पसरलं की सगळ्या बाल्कन्यांत माणसं आली. आयुष्यात मला कोणाचं रडणं इतकं आवडलं नव्हतं.

रुग्णवाहिका आली. इस्पितळात मावशीला आणि बाळाला प्राणवायू दिला. संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांचा धोका टळल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे माई बाकावर बसली.

"पण धूर नव्हता हो," ती आमच्यासोबत आलेल्या घारे आजोबांना म्हणाली. "मी चांगले फुलवून घेतले होते कोळसे."

"धुरापेक्षा वाईट वायू होता, माई. कार्बन मोनॉक्साइड (कोळशाला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की तयार होणारा वायू). त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं (प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ). गाडीच समजा ना. हा वायू घुसून तिच्या सगळ्या जागा अडवून बसतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही, आणि माणसाला झोप आल्यासारखं वाटतं."

"मी चार बाळंतपणं केली अशी. तेव्हा काही झालं नाही."

"तुमच्या घराला कौलं होती?"

"होती ना. पहाटे त्यांतून चांदणं दिसायचं."

"त्याच फटींतून वायू निघून जायचा. धोका तेव्हाही होताच, पण फटींनी सांभाळून घेतलं. इथे सगळंच हवाबंद, त्यात तुम्ही दाराखाली लुगडं कोंबलंत."

माईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्याही आलं, कारण खरी गोष्ट अजून कोणाला माहीत नव्हती. मी ती सांगून टाकली. चिकटपट्टी, टोपडं, सगळं.

मला वाटलं, आता ओरडा बसणार. आजोबांनी मला जवळ घेतलं. "म्हणजे तुम्ही दोघींनी एकच चूक केलीत. माया केलीत आणि हवा अडवलीत. तिसरी चूक माझी. नाक बंद झालं तर ते भुंग्याला कळायला हवं होतं. ते मी उद्याच दुरुस्त करतो."

"पण शेक?" माईने डोळे पुसत विचारलं. "माझ्या लेकीची कंबर दुखते हो."

दोन दिवसांनी मावशी घरी आली, तेव्हा आजोबा एक जाड सुती पुरचुंडी घेऊन आले. आत ऊब-कोठीतली गरम वाळू. "सोसेल इतपत निववून आणलीय," ते म्हणाले. माईने ती आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली.

"अगं बाई! वाळूचा शेक तर माझी आई द्यायची!"

"मग तुमच्या आईला वाळूचा गुण आमच्या आधीच कळला होता," आजोबा हसले. "आम्ही फक्त चुलीच्या जागी सूर्य आणला."

मावशी शेक घेता घेता झोपली. या वेळी खिडकी बोटभर उघडी होती. माई शेजारी बसून पिवळं टोपडं उसवून पुन्हा विणत होती. मध्यभागी तिने जाळीच्या मापाचं गोल भोक ठेवलं.

आता रोज सकाळी सात वाजता भुंगा ते घालून येतो. माई त्याला दारात अडवते, वाकून जाळीवर बोट फिरवते आणि विचारते, "काय रे, नाक मोकळं आहे ना?"

"मोकळं आहे, माई," भुंगा सांगतो.

मगच ती त्याला बाळाजवळ जाऊ देते.