दहा स्वर

हार्प म्हटलं की लोकांना पऱ्या आठवतात. ह्या पऱ्यांनी जन्मभर माझा छळ केला. पांढरा झगा घाला, कोपऱ्यात बसा, गोड काहीतरी छेडा आणि पाहुण्यांच्या गप्पांच्या आड येऊ नका. मी आड आले. आजचं, जिवंत माणसांनी लिहिलेलं संगीत वाजवीन, नाहीतर वाद्य झाकून ठेवीन, असं एकदा बोलून बसले आणि मग कार्यक्रमांच्या दर मोसमात रिकाम्या खुर्च्यांकडे बघत वाजवलं.

"तुझा कार्यक्रम म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे जाणं," ताई म्हणायची. "फरक एवढाच, तिथे निदान भूल तरी देतात." तरी बिचारी प्रत्येक वेळी पहिल्या रांगेत असायची.

यंदा मी वाजवते त्या सभागृहाच्या संचालकांनी बोलावून घेतलं. "बाई, हा शेवटचा प्रयोग. लोक उठून गेले, तर पुढच्या वर्षी जुनं, ओळखीचं वाजवायचं. जमत नसेल तर रामराम."

म्हणजे पुन्हा पऱ्या.

मी नवी रचना लिहून घेतली. लिहिणारा सगळं पियानोवर बसून रचतो, म्हणून मी त्याला पियानोवालाच म्हणते. पियानोवाले हार्पसाठी लिहिताना एक चूक हमखास करतात. दहा बोटं, म्हणून एका फटक्यात दहा स्वर. गाढवांनो, हार्पवर करंगळी चालत नाही! ती आखूड पडते, तारेला जोर देत नाही. आमची बोटं आठच. म्हणून मी पेन्सिल घेते आणि दोन स्वर खोडते. लिहिणाऱ्यालाही कधी पत्ता लागत नाही.

ह्या रचनेत असे दहा-दहा स्वर पानोपानी होते. सगळीकडे वरचे दोन मी खोडले.

माझी सरावाची खोली तळघरात आहे. जाड पडदे, एक ट्यूबलाइट, ओल्या भिंतीचा वास. हार्प खांद्यावर टेकवली आणि पहिला फटका मारला. दहा स्वर वाजले.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. एक तार छेडली की दुसरी आपोआप थरथरते, हे रोजचंच. मी खोडलेल्या स्वरांच्या तारांमध्ये लोकरीची पट्टी विणली. तारा मुक्या झाल्या. पुन्हा वाजवलं. दहा.

मग त्या तारा मी काढूनच टाकल्या. त्या जागी नुसती फट राहिली, पलीकडचा पडदा दिसत होता. वाजवलं.

दहा.

दुसऱ्या दिवशी पियानोवाला ऐकायला आला. येण्याआधी मी तारा परत चढवून ठेवल्या होत्या. डोळे मिटून ऐकत होता.

"वा! दहाच्या दहा. बाकीचे लोक गुपचूप दोन खोडतात."

"मीही खोडलेत."

तो हसला. "मग मी काय ऐकलं?"

"तेच तुला विचारतेय."

तो पान बघायला वाकला. पेन्सिलीच्या रेघा पाहिल्या, माझे हात पाहिले, आणि पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाला, "राग मानू नका. ते दोन तुमच्या आठांपेक्षा चांगले लागतात."

राग कसला? खरंच होतं ते.

त्यानंतर माझं बोट पोचण्याआधीच तार हललेली असायची. आधी वरच्या तारा, मग मधल्या. सांगणार कोणाला? संचालकांना? त्यांना निमित्तच हवं होतं. ताईला? तिने मला डॉक्टरकडे ओढत नेलं असतं आणि कार्यक्रम गेला असता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह अर्धं भरलं होतं. सुरुवात बरी झाली. मग माझं बोट एका हलत्या तारेला लागलं. हलत्या तारेला बोट लागलं की ती किरकिरते, घाणेरडी, माशी डब्यात अडकल्यासारखी. पुढच्या तारेलाही तेच. तिसऱ्या रांगेतला एकजण उठून कोट चढवू लागला.

मी बोटं मागे घेतली. अगदी थोडी. बघणाऱ्याला कळणार नाही इतकी.

किरकिर थांबली.

संगीत थांबलं नाही.

तो माणूस कोट अर्धा चढवून तसाच उभा राहिला. मग हळूच खाली बसला.

शेवटपर्यंत मी हवेत हात हलवत होते. माझे म्हणून फक्त पाय उरले होते. तारांचे स्वर बदलणारी खालची सात पेडलं मीच दाबत होते. कठडा घट्ट धरून ठेवावा तशी दाबत होते.

कोणी उठलं नाही. शेवटी सगळे उठले, ते टाळ्या वाजवायला.

ताई आत आली, डोळे पुसत. "इतकी वर्षं तू काय सांगत होतीस, ते आज कळलं गं मला."

मी नव्हते गं, एवढंच म्हणायचं होतं. पण ताईच्या मागे संचालक उभे होते. "मॅडम, पुढचा मोसम तुमच्यापासून सुरू. आणि सगळं नवं हं!"

मी आभार मानले.

आज सकाळी तळघरात येऊन बसले. एक साधी सरगम वाजवून पाहिली. तारा हलल्या, पण दोरी ताणून सोडल्यासारखा कोरडा आवाज आला. पुन्हा वाजवली. तसाच.

मग मी तारांच्या पलीकडे बघत, लाज सोडून म्हटलं, "मोसम जवळ आलाय. मला नवं काहीतरी लागेल."

बराच वेळ काही झालं नाही. मग खाली, एकेक करून, घाई न करता, पेडलं आपोआप वर-खाली सरकू लागली. वाजवायला बसण्याआधी आम्ही लावून घेतो, तशी. ही मांडणी मला माहीत असलेल्या कुठल्याच रचनेची नव्हती.

सहा झाली. सातव्यावर माझा पाय होता. ते माझ्या तळव्याखाली हलकेच, अदबीने, वर ढकलत होतं.

मी पाय काढून घेतला.