तिसरी खुंटी

घराच्या कामात माणूस विटा-सिमेंटानं बुडत नाही, तो बुडतो "आता एवढं केलंयच, तर तेवढंही करून टाकू की" या वाक्यानं. वृषभला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच माळ्याला हात घालण्याआधी त्यानं धोंडीराम मिस्त्रींना बजावून ठेवलं होतं, की वाढीव काम विचारल्याशिवाय करायचं नाही.

वृषभ कागलकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. सोळा हंगाम उसाच्या गाड्या तोलून त्याचा स्वभावही काट्यासारखाच झाला होता. भरेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. राजारामपुरीतल्या त्याच्या कौलारू घराच्या माळ्यावर आजवर कांदे, फुटका बंब आणि लग्नातल्या ट्रंकांशिवाय काही नव्हतं. आता छप्पर तीन फूट उचलून तिथं खोली काढायची, बायको आदितीच्या शिकवण्या वर न्यायच्या आणि खालचा सोपा, म्हणजे पुढची लांब खोली, भाग्यश्रीसाठी मोकळा करायचा, असं ठरलं होतं.

भाग्यश्री त्यांची एकुलती एक लेक, नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तापात तिच्या पायांतली ताकद गेली, ती गेलीच. डॉक्टर म्हणत, येईल, पण कधी ते सांगता येत नाही. सोप्यात धरून चालायच्या दांड्या बसवायच्या होत्या, व्यायाम घ्यायला बाई ठेवायची होती. त्यासाठी साठ हजार रुपये बाजूला काढले होते, आणि त्यातला एक रुपयाही माळ्यावर चढू द्यायचा नाही, असा वृषभचा निश्चय होता.

मे महिना होता. पावसाळ्याआधी छप्पर बंद व्हायला हवं होतं. धुळीचा त्रास नको म्हणून आदिती लेकीला घेऊन कुरुंदवाडला माहेरी गेली होती. वृषभ एकटाच घरी असायचा आणि दिवसभर वरून रंध्याचा आवाज यायचा.

धोंडीराम मिस्त्री पासष्टीचे. काम चोख, पण एक खोड होती. कठडा असो, कडी असो, त्याचं माप ते टेपनं घेत नसत. जो वापरणार त्याला उभं करायचे, हात सैल सोडायला लावायचे आणि मनगटापाशी लाकडी पट्टीवर पटाशीनं खाच पाडायचे. "टेपला हात नसतो, मालक," असं म्हणायचे.

पहिल्या शनिवारी वाढीव कामात साडेतीनशे रुपये निघाले. दाराच्या मागं, जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर दिव्याचं एक बटण बसवलं होतं. आदितीनं फोनवर सांगितलं असेल, असं समजून वृषभनं पैसे दिले. दुसऱ्या शनिवारी बाराशे. खिडकीची चौकट अर्धा फूट खाली घेतली होती. वृषभनं कपाळाला आठी घातली, पण खिडकीतून पन्हाळ्याच्या बाजूचं आभाळ छान दिसत होतं, म्हणून तेही सोसलं. पाच पाच रुपयांनी हत्ती विकत घेतल्यागत चाललंय, असं मात्र त्याला वाटत राहिलं.

तिसऱ्या शनिवारी तो पैसे न काढताच वर गेला.

"मिस्त्री, हे सगळं सांगतंय कोण?"

"घरातल्यांनी सांगितलं. घरच्या माणसाच्या शब्दाबिगर मी खिळा ठोकत न्हाय."

"घरातलं कोण? आदिती तर इथं नाही."

"बाई न्हाईत, तुमची लेक. दुपारची वर येती की." धोंडीरामांनी पट्टी पुढं केली. तिच्यावर ताजी खाच होती. "माप दिलंय तिनं. जिन्याला डाव्या अंगानं बुटका कठडा पायजे म्हणाली. आन् तीन खुंट्या. दोन हितं, तिसरी वीतभर खाली."

वृषभला हसू आलं. गल्लीतली एखादी पोर असणार. "माझी लेक कुरुंदवाडला आहे, मिस्त्री. आणि तिला उभंच राहता येत नाही."

धोंडीरामांनी हातातली पटाशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "डाव्या भुवईवर टाक्यांची खूण हाय न्हवं तिच्या?"

होती. धोंडीरामांनी भाग्यश्रीला कधी पाहिलेलं नव्हतं.

वृषभनं तिथूनच आदितीला फोन लावला.

"समोरच आहे की," आदिती म्हणाली. "आत्ता झोपून उठली." मग तिचा आवाज बदलला. "अहो, एक सांगू? उठल्यापासून म्हणतेय, पोटऱ्या दुखतायत. जिना चढल्यासारख्या."

दोन वर्षांत ते पाय कधी दुखले नव्हते.

वृषभ वरच्या पायरीवर खाली बसला. कठड्याचे सहा हजार चारशे होत होते. म्हणजे व्यायामाच्या बाईचा जवळपास महिन्याचा पगार. आणि पोर चाललीच नाही, तर तो बुटका कठडा जन्मभर डोळ्यांत सलणार होता. पट्टीवरच्या खाचेवरून तो अंगठा फिरवत राहिला.

"करा कठडा," तो म्हणाला.

पण सोळा हंगामांची सवय अशी सुटते थोडीच! एवढं पारडं झुकल्यावर कुठंतरी तोल साधायला हवा होता. "खुंट्या मात्र दोनच. पोरगी एक, तीन कशाला?"

"ऐंशी रुपयाची तर खुंटी, मालक."

"ऐंशी तर ऐंशी. तिसरी नको."

"बघा बाबा," धोंडीराम म्हणाले. "तिनं तीन सांगितल्यात."

पावसाळ्याआधी छप्पर बंद झालं. यातलं काहीच वृषभनं घरी सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

जूनमध्ये मायलेकी परत आल्या. दांड्या बसल्या, बाई येऊ लागली. दिवाळीत भाग्यश्री दांडी सोडून उभी राहिली आणि आदिती पणती हातात धरून ढसाढसा रडली. माळ्यावर मात्र भाग्यश्री स्वतःला कुणाला उचलून नेऊ देत नव्हती. "चालतच जाणार," म्हणायची.

जानेवारीतल्या एका रविवारी, भर दुपारी, ती जिन्यापाशी येऊन उभी राहिली. आदिती शेजाऱ्यांकडं गेली होती. पडली तर सावरायला वृषभ तिच्या मागं एक पायरी राहिला.

भाग्यश्रीनं डावा हात बुटक्या कठड्यावर ठेवला. कठडा बरोब्बर तिच्या मनगटाला आला.

एक पायरी, दोन, तीन. वृषभचे डोळे पाण्यानं भरले. त्यामुळे तिचा उजवा हात त्याला उशिरा दिसला.

तो हात उजवीकडच्या, मोठ्यांच्या कठड्यावर नव्हता. तो हवेत होता, थोडा खाली, आणि त्याची बोटं मिटलेली होती.

तेरा पायऱ्या झाल्या. भाग्यश्रीनं दार ढकललं, न बघता दारामागं हात घातला आणि दिवा लावला.

मग तिनं भिंतीकडं पाहिलं.

"पप्पा, खुंट्या दोनच?"

वृषभ तिच्या मागोमाग आत आला.

"मी तर तीन सांगितल्या होत्या."

"एक तुझ्या दप्तराला, एक रेनकोटला," तो कसाबसा म्हणाला. "तिसरी कुणाला?"

"तिला."

"कुणाला?"

एवढं साधं कसं कळत नाही, अशा नजरेनं तिनं बापाकडं पाहिलं. "मला हात धरून उठवते की, तिला."

सोमवारी हार्डवेअरचं दुकान उघडताच वृषभ दारात हजर होता. आता खुंटीचे शंभर झाले होते. त्यानं घासाघीस केली नाही. ती पितळी खुंटी त्यानं स्वतःच्या हातानं, वीतभर खाली, दोन स्क्रू घट्ट आवळून बसवली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, न दिसणाऱ्या कुणासमोर तरी, हात जोडले.

संध्याकाळी तो वर गेला. भाग्यश्रीचं दप्तर तिच्या खुंटीवर होतं. खालची खुंटी रिकामी होती.

तिची पितळी मान मात्र दप्तराच्या खुंटीसारखीच, ओझ्यानं खाली वाकली होती.

वृषभनं हात लावला नाही. सोळा हंगामांच्या सवयीनं अंदाज आपोआप आला. चार किलो, शेजारच्या दप्तराइतकंच.