बिनखुणेचं पाकीट

शेकोटीत ते लाकूड पुढं सार रितेश, आणि मोबाईल खाली ठेव. भावना सोमवारपासून मुरबाडला औषधाच्या दुकानाचं काम शिकायला जाणार, म्हणून ही गोष्ट आज काढतो. एरवी काढली नसती.

"भुताची हाय ना, धर्माबाबा?" रितेशनं विचारलं.

"ते ऐकून तूच ठरव."

"म्हंजे भावनाचा कोर्स सुटला समजा."

"तू गप रे," भावना म्हणाली. "दहावीला तीनदा बसला, नि मला सांगतो."

माझा जुना जोडीदार मंगळू तुम्हाला ठाऊक आहे. शेणव्याकडच्या वाडीतला. वीटभट्टीवर आम्ही बावीस वर्षं एकत्र काढली. त्याची नात रविना. त्यांच्या घरात बारावी झालेली ती पहिलीच. तिनं मुरबाडला मेडिकलच्या मदतनिसाचा कोर्स धरला. तीन महिने वर्गात बसायचं, मग तीन महिने दुकानात उभं राहून शिकायचं. दुकानदार रोज वहीवर सही करतो. शेवटी त्याचा शिक्का पडला की कागद हातात. शिक्का नाही, तर सहा महिने पाण्यात.

तिला दुकान मिळालं किन्हवलीत, अगदी गावाच्या टोकाला. मालकाला आपण नितीनशेठ म्हणू. खरं नाव घेत नाही, माणूस अजून धंदा करतो.

पोरगी हुशार. कुठली गोळी कुठल्या खणात, कुठलं औषध फ्रिजात, महिन्यात पाठ झालं. शेठनं तिला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. गिऱ्हाईक माझ्यासारखं असेल, अक्षर न येणारं, तर गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं खुणा काढायच्या. डोंगरामागून निघालेला अर्धा सूर्य, म्हणजे सकाळ. पुरा सूर्य, म्हणजे दुपार. चंद्राची कोर काढली की रात्र. आणि खुणेखाली जितके ठिपके, तितक्या गोळ्या. मी स्वतः अशीच पाकिटं वाचतो. बिनखुणेचं पाकीट माणसाच्या हातात द्यायचं नाही, हा त्या दुकानाचा नियम.

एका बाजाराच्या दिवशी तेच राहिलं.

पलीकडच्या पाड्यावरची यमूआजी साखरेच्या आजाराच्या गोळ्या न्यायला आली होती. नाकातून बोलायची ती. नवीनच गोळी होती, रोज सकाळी एक. दुकानात ही गर्दी. रविनानं गोळ्या पाकिटात घातल्या, पाकीट पुढं सरकवलं आणि पुढच्याची चिठ्ठी घेतली. म्हातारीनं पाकीट उलटं केलं, सुलटं केलं.

"बाय, कधी घ्याच्या गो?"

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हातारे, सरक ना! गाडी सुटंल आमची." लोक हसले.

रविनानं मान वर न करता सांगितलं, "लिवलंय त्याच्यावर आजी."

म्हातारी "बरं" म्हणाली आणि गेली. चार लोकांत पुन्हा विचारायची लाज वाटली असेल. मलाही वाटते.

तिनं त्या गोळ्या दोन दिवसांत संपवल्या. दुसऱ्या रात्री साखर पार उतरली, अंगाला घाम सुटला, वाचा गेली, पहाटे म्हातारी संपली.

दहा दिवसांनी तिचा मुलगा रंगू ते रिकामं पाकीट घेऊन दुकानात आला. "शेठ, ह्या कसल्या गोळ्या होत्या?" एवढंच विचारलं त्यानं. नितीनशेठनं पाकीट बघितलं, मुठीत चुरगाळलं आणि टोपलीत टाकलं. "वय झालं होतं रे तिचं." रंगू नमस्कार करून गेला. मग शेठ आत येऊन रविनाला म्हणाला, "तोंड उघडलंस तर माझं दुकान जाईल. नि तुझा शिक्का पण."

पोरगी गप्प राहिली. शिक्क्याला पाच आठवडे उरले होते.

आता त्या रात्रीचं. पौषातली अवस, बुधवार. शहापूरला फ्रिजात ठेवायच्या इंजेक्शनांचं पार्सल आलं होतं, ते रात्रीतच आणायला हवं होतं. शेठ साडेसातला मोटरसायकलवर निघाला. रविनाला मुदत संपलेला माल वेगळा करायला बसवलं, कारण सकाळी कंपनीचा माणूस तो न्यायला येणार होता.

"एकटी पोर हायस. शटर उघडं नको," शेठ म्हणाला.

शटरची आतली कडी मोडलेली. म्हणून त्यानं शटर ओढलं, बाहेरून कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली. दोन तासांत येतो म्हणाला. रविनाची मावशी गावातच राहायची, रात्री तिच्याकडे सोडणार होता.

"मागचं दार नव्हतं?" भावनानं विचारलं.

नव्हतं. तिन्ही बाजूंनी भिंत. फोनला आत रेंज नाही, बोलायचं तर रस्त्यावर यावं लागायचं. पोरगी खोक्यांत बसून बाटल्या वेगळ्या करत होती. नऊ वाजले. आजूबाजूची दुकानं बंद झाली. सव्वानऊला लाइट गेली.

तिनं मोबाईलची बॅटरी लावली. आणि शटर वाजलं.

जोरात नाही. बोटाच्या पेरानं वाजवतात तसं.

"बंद हाय," रविना म्हणाली. "शेठ नाय."

शटर खालून वाकडं होतं. चार बोटं फट राहायची. त्या फटीतून एक पाकीट आत आलं. त्याच दुकानाचं. आत गोळ्या. वर काहीच नाही.

"बाय... कधी घ्याच्या गो?"

नाकातला आवाज.

रविनाच्या हातातली बाटली खाली ठेवली गेली की पडली, तिला आठवत नाही. मग पुन्हा पेर वाजलं.

"सांग ना गो बाय."

तिनं पेन घेतलं. अर्धा सूर्य काढला, खाली एक ठिपका. पाकीट फटीतून बाहेर सरकवलं. बाहेरून कोणीतरी ते ओढून घेतलं.

सुटले, असं तिला वाटलं.

पाकीट परत आत आलं.

कोरं.

"दिसत नाय गो काय..."

तिनं पुन्हा काढलं. मोठा सूर्य. पेन दाबून, कागद फाटेल एवढं दाबून. बाहेर सरकवलं. आत आलं. कोरं. पुन्हा काढलं... पुन्हा कोरं. किती वेळा, ते तिलाही सांगता येत नाही. बॅटरी मंद होत गेली. ती ओरडली. मावशीला हाका मारल्या. शटरवर मुठी मारल्या. रस्त्यावर कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

रितेश, शेकोटी विझतेय. राहू दे.

शेवटी पोरगी जमिनीवर बसली. तोंड फटीजवळ नेलं. इतके दिवस जे गिळलं होतं, ते बोलली.

"आजी, मी इसरले. खुणा काढल्याच नाय मी. तू इचारलंस, तरी बघितलं नाय. माझी चूक झाली."

पाकीट आत आलं नाही.

तिला वाटलं, संपलं.

मग अगदी जवळून, फटीच्या पलीकडून...

"बरं. मंग आता सांग. कधी घेऊ?"

मोबाईल बंद पडला. अंधार. पुढं शटर, पाठीला भिंत. बाहेर ती.

"नको घेऊस आजी," रविना म्हणाली. "एकपण नको घेऊस."

कपड्याचा आवाज झाला. कोणीतरी पायरीवर बसलं. मग पाठ टेकली. शटरचा पत्रा आत आला. जरासाच. पाठीएवढा.

आणि तसाच राहिला.

ती बाहेर बसलेली. ही आत बसलेली. बोलणं नाही. पाकीट नाही. मध्ये नुसता पत्रा. रविनानं एकदा पत्र्याला हात लावला... आणि काढला. मग गुडघे पोटाशी घेतले. पत्रा कधी सरळ होतो, तेवढंच ऐकत राहिली. झाला नाही.

नितीनशेठ पावणेबाराला आला. वाटेत गाडी पंक्चर झाली होती. मोटरसायकलचा आवाज जवळ आला, तेव्हा पत्रा टणकन सरळ झाला.

कुलूप शटरच्या खालच्या टोकाला. ते काढायला शेठनं पायरीवर गुडघा टेकला, आणि झटक्यानं उचलला. शटर वर गेलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. आत कोरं पाकीटही नव्हतं. पोरीचा आवाज बसला होता आणि पेनातली शाई संपली होती.

"कोण आलं होतं?" शेठनं विचारलं.

"यमूआजी," ती म्हणाली. शेठ गुडघा चोळत उभा राहिला.

पहाटे ती मावशीला घेऊन पाड्यावर गेली आणि रंगूला सगळं सांगितलं. शेठनं शिक्का दिला नाही. तिचे सहा महिने गेले. आता मुरबाडला पहिल्यापासून बसलीय. तुला वर्गात दिसेल, भावना. मोठ्यानं बोलत नाही, पण गिऱ्हाइकाकडं मान वर करून बघते.

त्याच सकाळी रविनाचा फोन आला म्हणून मी आणि मंगळू पहिल्या एसटीनं किन्हवलीला गेलो. थंडी अशी की हाताची बोटं मिटत नव्हती. दुकान बंद. पायरीचा दगड दवानं ओला, सगळा. फक्त मधला एक तुकडा कोरडा होता. एक माणूस बसेल एवढा.

मी हात लावला. आजूबाजूला बर्फासारखं गार. तेवढाच दगड ऊबदार... आत्ताच कोणी उठून गेल्यावर असतो तसा.

शेठच्या बायकोनं येऊन त्याच्यावर बादलीभर पाणी टाकलं. बघता बघता वाळलं.

तेवढ्यात रंगू आला. पायरीपाशी उकिडवा बसला, दगडावर तळवा ठेवला.

दहाची एसटी पकडून आम्ही निघालो, तोवर त्यानं तळवा उचलला नव्हता.