परत यायचं बटण

लिफ्टचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीतली लिफ्ट बंद असावी, यात नवल काहीच नव्हतं. ती महिन्यातले वीस दिवस बंदच असायची. त्या सोमवारी मास्तरीण चौथ्या मजल्याच्या जिन्यावर दम खात उभी होती, तेव्हा मागून आवाज आला, "अजून किती मजले... की मीच चुकीच्या इमारतीत शिरलोय?"

तिनं वळून पाहिलं. विस्कटलेले केस, खांद्याला बॅग, आणि मांजर घ्यावं तसा काखेत घेतलेला की-बोर्ड.

"लिफ्टवाल्यांकडेच जायचंय ना?"

"हो."

"मग इमारत बरोबर आहे. लिफ्ट बंद आहे, यावरून ओळखायचं."

तो हसला... आणि मास्तरणीला उरलेले दोन मजले कसे चढले ते कळलंच नाही.

मास्तरीण पूर्वी खरोखरच शाळेत गणित शिकवायची. मग घरी बसून आपली आपण प्रोग्रॅमिंग शिकली आणि सात महिन्यांपूर्वी इथे लागली. खडू सुटला, पण खोड सुटली नाही. फळ्यावर तारीख घालावी, तशी बदललेल्या प्रत्येक ओळीच्या डोक्यावर ती तारीख घालायची. आणि तो आलेला कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या ऑफिसातून, तीन आठवड्यांच्या मदतीला. त्यामुळे दुपारपर्यंत त्याचं नाव 'पाहुणा' पडलंसुद्धा. नावं पाडायचं खातं आत्यांकडे. आत्या म्हणजे सगळ्यांचं काम तपासणाऱ्या, ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या बाई, आणि न विचारता सगळ्यांच्या आत्या.

पाहुण्याला टेबल मिळालं ते मास्तरणीच्या शेजारचं. तासाभरात त्याची नजर तिच्या वहीवर गेली.

"हे काय, टेलिफोन डिरेक्टरी?"

"चाळीस हजार ओळींचा कोड आहे. दार किती वेळ उघडं ठेवायचं, ते ठरवणारं फंक्शन वापरलंय दहा ठिकाणी. पण मुळात लिहिलंय कुठे? शोधण्यात माझी सकाळ जायची. म्हणून वही. कुठलं फंक्शन, कुठली फाइल, कितवी ओळ."

"कोड लिहायच्या एडिटरलाच सांगा ना! नावावर कर्सर ठेवायचा, एक बटण दाबायचं. मूळ जागी तो स्वतः नेऊन सोडतो."

"माझ्या एडिटरला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला आवडत नाही."

"मी कुठे लावतोय? हात तुमचे, तोंड माझं."

हसू दाबत तिनं खुर्ची पुढे ओढली. तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. आधी एक कमांड दिली. त्या कमांडनं सगळा कोड वाचून नावांची सूची केली. अगदी तिच्या वहीसारखी, पण चार सेकंदांत. मग सेटिंगच्या फाइलीत एक ओळ: हे बटण दाबलं की सूचीत बघ आणि तिथे जा. वर तारीख घातली. बटण दाबलं—

आणि समोर दाराचं फंक्शन! चौदावी फाइल, ओळ दोन हजार तीनशे दहा.

"अगं बाई!" ती जवळजवळ ओरडलीच.

पाहुणा पडद्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत राहिला. जरा जास्तच. मग एकदम भानावर येऊन साहेबांच्या खोलीकडे निघाला.

"अहो... आणि परत कसं यायचं?"

त्यानं जीभ चावली. जायचं बटण लावून दिलं होतं, यायचं साफ विसरला होता. वाकून त्यानं स्वतःच एक लांबलचक कमांड टाइप केली, तिनं चक्क हात लावू दिला, आणि ती होती तिथे परत आली. त्याच्या बाहीला साबणाचा वास होता, हे तिनं उगाचच टिपून ठेवलं... वहीत नव्हे.

"बटण सवडीनं लावून देतो," तो म्हणाला.

सवड काही मिळाली नाही. "पाहुणे... अडकले!" अशी हाक दिवसातून पाच-सहा वेळा जायची. पाहुणा कॉफीचा मग घेऊन यायचा, वाकायचा, तिला परत आणायचा, आणि मग अर्धा तास भलत्याच गप्पा निघायच्या.

"चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई," आत्या म्हणाल्या, "आणि हिला एक बटण सापडेना!"

मास्तरीण कानांपर्यंत लाल झाली.

तिसऱ्या आठवड्यात आत्यांनीच बातमी आणली. साहेबांनी पाहुण्याला इथेच राहा म्हणून विचारलंय. शुक्रवारी पाचच्या आत सांगायचंय. नाही म्हणाला, तर शनिवारच्या गाडीनं परत.

"मला काय त्याचं!" मास्तरीण म्हणाली, आणि एकाच ओळीवर दोनदा तारीख घातली.

शुक्रवार उजाडला. लिफ्ट दुरुस्त झाली, आत्यांनी ऑफिसभर ती वर्दी दिली. सव्वाचार वाजता पाहुण्यानं की-बोर्डला वायर गुंडाळायला घेतली.

"पाहुणे..." ती म्हणाली, "अडकले."

तो आला. आज मग नव्हता. वाकलाही नाही, खुर्ची ओढून बसला.

"सेटिंगची फाइल उघडा."

"कशाला?"

"उघडा तर."

तिनं उघडली. त्याच्या ओळीखाली दुसरी ओळ होती: हे बटण दाबलं की होतास तिथे परत ये. आणि त्या ओळीच्या डोक्यावर, शाळेच्या शिस्तीत, तारीख. पहिल्याच मंगळवारची.

"एका दिवसात स्वतः शोधून लावलंत," तो हळूच म्हणाला, "आणि अडीच आठवडे अडकताय?"

ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. "...तुम्हाला केव्हा कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी, बुधवारी. बटण लावायला फाइल उघडली, तुम्ही पाणी भरायला गेला होतात."

"बुधवारी! आणि तरी रोज येत होतात?"

"तुम्ही बोलावत होतात."

खिडकीच्या काचेवर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. घड्याळात चार पंचवीस.

"साहेबांना... काय सांगितलंत?"

"अजून काहीच नाही. ते कारण विचारतील. मला माहीत असलेलं कारण एकच आहे. ते तुम्हाला विचारल्याशिवाय कसं सांगू?"

तिनं त्याच्या हातातली की-बोर्डची वायर घेतली आणि सावकाश, एकेक वेढा, सोडवत गेली.

"राहा ना," ती म्हणाली. "मला आवडता तुम्ही. बटण सापडलं तेव्हापासून... खरं तर जिन्यापासून."

तो उठला, खुर्चीला अडखळला आणि तसाच साहेबांच्या खोलीत शिरला. दोन मिनिटांत बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

साडेपाचला लिफ्टचं दार उघडं धरून आत्या आत उभ्या होत्या. "या की लवकर! कितीतरी दिवसांनी चालतेय!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे, आत्या," पाहुणा म्हणाला. "आम्ही जिन्यानं येतो."

"अरे, सहा मजले आहेत!"

"सहाच आहेत हो," मास्तरीण म्हणाली.